आई-वडिलांसाठी सुपर टॉप-अप घेताना डिडक्टिबल किती ठेवायचं?

प्रश्न विचारणारे पुण्यात एका कारखान्यात नोकरीला आहेत, घर गंगाखेड तालुक्यात. वडील ७१ वर्षांचे, बारा वर्षांपासून शुगर. आई ६६, बीपीची गोळी चालू, गुडघ्यांचा त्रास. वडिलांचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचं सरकारी कार्ड, निघालंय. मुलाच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडिलांना धरून ५ लाखांचं कव्हर आहे. गावाकडच्या बँकेत वडिलांची सव्वातीन लाखांची एफडी आहे. एजंटाचं म्हणणं असं, की ५ लाख सरकारचे आहेत, ५ लाख कंपनीचे आहेत, आता वर २० लाखांचा सुपर टॉप-अप घ्या. डिडक्टिबल ५ लाख ठेवलं की हप्ता एकदम कमी बसतो. घ्यावा का?

सुपर टॉप-अप जरूर घ्या. पण ५ लाखांच्या डिडक्टिबलवर सही करू नका. लातूर-परभणी भागात बावीस वर्षं विम्याचं हेच काम करतोय, आणि या एका आकड्यावर जेवढी घरं अडचणीत आलेली बघितली तेवढी दुसऱ्या कशावर नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिडक्टिबल म्हणजे बिलाचा तो पहिला भाग, ज्याला टॉप-अप हात लावत नाही. ५ लाख डिडक्टिबल असेल तर पहिले ५ लाख दुसऱ्या कोणीतरी भरायचे, त्याच्या वरचं ही पॉलिसी देणार. त्यातही साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप वेगळे. समजा वडील एकाच वर्षात दोनदा ॲडमिट झाले, एकदा ४ लाख आणि एकदा ३ लाख बिल झालं. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो. दोन्ही बिलं पाच लाखांच्या आतली, म्हणून रुपयाही मिळणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, ७ लाखांतून ५ वजा करून २ लाख देतो. म्हाताऱ्या माणसांचं आजारपण एका झटक्यात उरकत नाही. आज पायाची जखम, चार महिन्यांनी छातीत दुखणं, मग पुन्हा इन्फेक्शन. म्हणून साठीच्या पुढच्यांना साधा टॉप-अप मी सांगतच नाही. कागदावर ‘सुपर’ हा शब्द आहे का ते आधी बघा, दोन्हींच्या हप्त्यात फारसा फरकही नसतो.

आता एजंटाच्या हिशोबाकडे येऊ. सरकारचे ५ लाख आणि त्यावर टॉप-अप, हे ऐकायला शिडीच्या पायऱ्यांसारखं वाटतं. प्रत्यक्षात त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. आयुष्मान किंवा राज्य सरकारच्या महात्मा फुले योजनेत असलेल्या दवाखान्यात, त्या आजारासाठी, ठरलेल्या पॅकेजवर उपचार होतात आणि पेशंटकडून पैसे घेतले जात नाहीत. तिथं टॉप-अपची गरजच सहसा पडत नाही, कारण पॅकेजचे दर कमी असतात आणि हिशोब पाच लाखांच्या वर क्वचितच जातो. पण दवाखाना योजनेत नसेल, किंवा योजनेत असूनही नेमका तो विभाग त्यात नसेल, तर कार्डाची किंमत त्या दारात शून्य. तिथं पहिला रुपया तुमच्या खिशातून जातो आणि पाच लाख पूर्ण होईपर्यंत टॉप-अपवाला ढुंकून बघत नाही.

म्हणजे टॉप-अपची गरज जिथं पडणार, तिथंच सरकारी कार्ड चालत नाही. हे नीट लक्षात घ्या. आयुष्मान कार्ड डिडक्टिबलच्या हिशोबात धरायचंच नाही.

याचा अर्थ कार्ड बिनकामाचं आहे असा मुळीच नाही. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. घर आधीच आयुष्मानच्या यादीत असेल तर सत्तरीपुढच्यांना हे ५ लाख वेगळे आहेत. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड चालतं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर मात्र दोन्हींतलं एक निवडावं लागतं. तुमच्या आईचं वय ६६, तिला हे कार्ड मिळणार नाही. पण रेशनकार्डावर महात्मा फुले योजना तिलाही आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. मराठवाड्यातले आठही जिल्हे शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत येतात, त्यामुळं आपल्याकडच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना ही योजना फार आधीपासून लागू होती. अनेकांना हे आजही माहीत नाही, ‘आमचं पांढरं कार्ड हाय, आम्हाला कुठलं?’ म्हणून घरीच बसतात.

एक गोष्ट आजच तपासा, आधारवरची जन्मतारीख. आपल्याकडच्या कितीतरी म्हाताऱ्यांची तारीख १ जानेवारी आहे, कारण कॅम्पमध्ये अंदाजानं वय सांगितलं गेलं. माणूस खरा ७३ वर्षांचा आणि आधारवर ६८, म्हणून वय वंदना कार्ड निघत नाही, अशी माणसं मला दर महिन्याला भेटतात. वडिलांचं कार्ड निघालंय म्हणजे त्यांचं ठीक. पण आईचा आधार, पॅन आणि शाळेचा दाखला असेल तर तो, तिन्हींवर एकच तारीख आहे का बघा. विम्याचा हप्ताही त्याच वयावर ठरतो, आणि क्लेमच्या वेळी तारखा जुळल्या नाहीत की कंपनी खुलासा मागते.

आता कंपनीचे ५ लाख. हे खरे आहेत आणि डिडक्टिबलच्या हिशोबात चालतातही. पहिली रक्कम दुसऱ्या पॉलिसीनं भरली की तुम्ही भरली, याच्याशी सुपर टॉप-अपला सहसा देणंघेणं नसतं, मंजूर होणारं बिल तेवढ्या रकमेच्या वर गेलं का एवढंच बघतात. पण हे कव्हर तुमच्या नोकरीला बांधलेलं आहे. नोकरी सुटली की ते गेलं. नव्या कंपनीत आई-वडिलांना धरतीलच असं नाही.

अहमदपूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांचं सांगतो. त्यांच्याकडे एका बँकेची खातेदारांसाठीची ग्रुप पॉलिसी होती, ५ लाखांची. त्यावर ५ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप मी स्वतः दिला होता. तीन वर्षं सगळं सुरळीत. चौथ्या वर्षी बँकेनं ती ग्रुप योजना बंद केली. गुरुजींना मेसेज आला होता, पण रोज येणाऱ्या पन्नास मेसेजमध्ये तो कोण वाचणार? त्याच वर्षी लातूरला त्यांची अँजिओप्लास्टी झाली, बिल २ लाख ९० हजार. पुढं सहा महिन्यांनी प्रोस्टेटचं ऑपरेशन. दोन्ही मिळून चार लाखांच्या थोडं वर. सुपर टॉप-अपमधून काहीच मिळालं नाही आणि नियमानं ते बरोबरच होतं. गुरुजींनी सुनेचे दागिने गहाण ठेवले. चूक माझी होती. पहिले पाच लाख कोणाच्या भरवशावर आहेत आणि तो भरवसा उद्या गेला तर काय, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून पॉलिसीचं माहितीपत्रक उघडण्याआधी मी एकच विचारतो, ‘उद्या दुपारपर्यंत कोणाकडं हात न पसरता किती पैसे उभे राहतील?’

तो आकडा म्हणजे तुमचं डिडक्टिबल. तुमच्या घरी तो तीन लाख आहे, कारण एफडी आहे. उभी सोयाबीन, येणारी उचल, भावानं देतो म्हटलेले पैसे यात धरू नका. म्हणून ३ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या आणि ती एफडी दवाखान्यासाठी म्हणून बाजूला ठेवा, आईचं नाव जोडून. वडील आयसीयूत असताना ती एकट्या आईच्या सहीवर मोडता येईल का, हे बँकेत आधीच विचारून ठेवा.

‘मग कंपनीच्या पाच लाखांतले दोन लाख वाया नाही का गेले?’ असं विचाराल. नाही गेले. समजा ८ लाखांचं बिल झालं आणि सगळं मंजूर होण्यासारखं आहे. आज नोकरी आहे, तर कंपनीचे ५ आणि सुपर टॉप-अपचे ३, खिशातून काही नाही. उद्या नोकरी नसेल, तर एफडीचे ३ आणि सुपर टॉप-अपचे ५. दोन्ही वेळा घर उभं राहतं. ५ लाख डिडक्टिबल घेतलं असतं तर नोकरी नसताना ५ लाख जमवावे लागले असते. हप्त्यातला फरक दोन्ही आकड्यांवर लिहून मागा आणि समोरासमोर ठेवून बघा. तो फरक बघून बहुतेक जण ३ लाखांवरच येतात.

पॉलिसी आई-वडिलांच्या स्वतःच्या नावावर घ्या आणि आता घ्या. शुगर, बीपी असे आधीपासूनचे आजार असले तर त्यांच्याशी जोडलेल्या उपचारांना थांबावं लागतं. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पूर्वी ४ होती. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याची वाटी बदलणं अशांना बहुतेक ठिकाणी २ वर्षं थांबावं लागतं. ही वर्षं कंपनीचं कव्हर चालू असतानाच निघून गेली तर तुमचं नशीब चांगलं. नोकरी सुटल्यावर सुरुवात केली तर नेमक्या त्या काळात हात रिकामे राहतात. वयाची ६५ ची जुनी अटही आता नियमात नाही, पण प्रत्येक कंपनी प्रत्येकाला घेतेच असंही नाही. वडिलांची शुगर बारा वर्षांची आहे, त्यामुळं तपासणी सांगतील, हप्ता वाढवून मागतील, कदाचित एखादी कंपनी नाहीही म्हणेल. नाही म्हटलं तर दुसरीकडे विचारा. शुगर लपवू मात्र नका.

लपवणं कसं होतं तेही सांगतो, कारण त्यात कोणाच्या मनात खोट असतेच असं नाही. मागं पालमजवळच्या एका गावात एका घरी पॉलिसी तपासायला गेलो होतो. ओसरीवर आजोबा बसले होते. फॉर्ममध्ये मधुमेहासमोर ‘नाही’. मी विचारलं, ‘आजोबा, शुगर कधीपासून?’ ते म्हणाले, ‘व्हती, आता न्हाई. गोळी चालू हाय ना रोज.’ आजीनं आतून कापडाच्या दुकानाची एक पिशवी आणून दिली. तिच्यात तळाशी लॅबचा पिवळा पडलेला कागद होता २०१४ चा, आणि वर दर तीन महिन्यांच्या चिठ्ठ्या, रबर लावून, तारखेवार. एवढं जपून ठेवणारं घर, त्यांनी फसवलं म्हणायचं? झालं असं होतं, की पोरगा एजंट मोबाइलवर फॉर्म भरत गेला, पटापट ‘नाही, नाही’ करत गेला आणि शेवटी म्हणाला, ‘आजोबा, एक नंबर आला असंल, सांगा.’ तो ओटीपी म्हणजे आजोबांची सही होती. वर लिहिलेलं सगळं खरं आहे, असं सांगणारी.

पॉलिसी हातात येऊन अकरा दिवस झाले होते. मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते किंवा दुरुस्तीला पाठवता येते. आम्ही पिशवीतले कागद जोडून पाठवले. हप्ता थोडा वाढला, शुगरसाठी तीन वर्षं थांबायची अट पडली, पण पॉलिसी पक्की झाली. तसंच राहिलं असतं तर पहिल्याच क्लेमला कंपनीनं जुनी चिठ्ठी शोधून काढली असती. सलग ५ वर्षं पॉलिसी चालली की माहिती दिली नव्हती या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो. पण त्या पाच वर्षांचं काय? म्हणून ओटीपी सांगण्याआधी फॉर्म तुम्ही स्वतः वाचा. पुण्यातून व्हिडिओ कॉलवर वाचलात तरी चालेल.

आता पॉलिसी निवडताना बघायच्या बाकीच्या गोष्टी. को-पे म्हणजे मंजूर रकमेतला तुमचा ठरलेला वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो २० टक्के असणं नेहमीचं आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतही आई-वडिलांच्या क्लेमवर को-पे असतो का, ते एचआरला आजच विचारा.

खोलीभाड्याची मर्यादा माणसं सगळ्यात कमी वाचतात आणि त्यातच सगळ्यात जास्त पैसे जातात. मर्यादा दिवसाला ५,००० ची आणि तुम्ही ८,००० ची खोली घेतली, तर फक्त वरचे ३,००० तुमचे असं नसतं. सर्जनची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते १ लाख ६० हजार असतील तर १ लाखच मंजूर होतात, ६० हजार तुमच्या अंगावर. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तू यांना ही कात्री लागत नाही. परभणी-नांदेडला ५,००० त चांगली खोली मिळते, पुण्याला नेलं की अडचण येते. शक्यतो खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी बघा. आणि लक्षात ठेवा, डिडक्टिबल मंजूर खर्चावर मोजलं जातं. बिल ४ लाखांचं असून मंजूर होण्यासारखे साडेतीनच असतील तर ३ लाखांच्या वरचे ५० हजार मिळतात, एक लाख नाही.

दोघांचा एकत्र घ्यायचा की वेगळा? एकत्र घेतला तर दोघांची वर्षाची बिलं मिळून डिडक्टिबल लवकर भरतं, हा फायदा. पण हप्ता वडिलांच्या वयावर बसतो आणि रक्कम दोघांत वाटली जाते. तुमच्या घरी मी वेगळं करीन. वडिलांना सुपर टॉप-अप. आईला सुपर टॉप-अपबरोबर ३ लाखांची छोटी मूळ पॉलिसीसुद्धा (म्हणजे डिडक्टिबल नसलेली साधी पॉलिसी), कारण ती ६६ ची आहे, बीपी आटोक्यात असेल तर तिला अजून सहज घेतील, आणि वय वंदना कार्डाला तिला चार वर्षं आहेत. तिचे गुडघे कधीतरी करावे लागणार, तो खर्च योजनेत बसला तर उत्तम, पण हाताशी दुसरी वाटही असू द्या.

हप्त्याबद्दल थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, आधी १८ टक्के होता. कोणी अजून कर लावून आकडा सांगत असेल तर विचारा. साठीच्या पुढच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला जानेवारी २०२५ पासून विमा नियामकाशी आधी बोलावं लागतं. पॉलिसीची तारीख शक्यतो नोव्हेंबरात येईल अशी घ्या, तेव्हा सोयाबीनचे पैसे आलेले असतात. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हप्ता आला की तो मागं पडतो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय. तारीख चुकली तर ३० दिवसांत भरून जुनी वर्षं वाचतात, पण वार्षिक हप्ता असेल तर मधल्या दिवसांतल्या आजारपणाचे पैसे मिळत नाहीत.

दोन कंपन्या असल्या की ॲडमिट होतानाच दोघींना कळवायचं. ठरवून ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी, अचानक असेल तर २४ तासांच्या आत. कॅशलेस बहुतेक वेळा एकाच पॉलिसीवर होतं, दुसरीकडून पैसे नंतर मागावे लागतात. त्यासाठी पहिल्या कंपनीनं किती दिलं त्याचं पत्र, आणि बिलं व डिस्चार्ज कार्डाच्या दवाखान्याचा शिक्का मारलेल्या प्रती घेऊनच दवाखान्यातून निघा. नंतर गंगाखेडहून संभाजीनगरला शिक्क्यासाठी दोन फेऱ्या मारण्यात दिवस जातात. क्लेम नाकारला आणि तुम्हाला ते अन्याय्य वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. फी नाही, वकील लागत नाही.

शेवटी, फोनवर वडिलांशी बोलून एक ठरवा. रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर कुठं न्यायचं? गंगाखेडहून परभणी, की थेट नांदेड? त्या दोन-तीन दवाखान्यांची नावं लिहा. ते आयुष्मान-फुले योजनेत आहेत का आणि हृदयाचा विभाग त्यात येतो का, हे आयुष्मानच्या १४५५५ या नंबरवर किंवा दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. तेच दवाखाने विमा कंपनीच्या कॅशलेस यादीत आहेत का तेही बघा. मग एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा: दवाखान्याचं नाव, गाडीवाल्याचा नंबर, दोन्ही पॉलिसींचे नंबर, कार्ड कुठं ठेवलंय, कोणती गोळी चालू आहे. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि आईला दोनदा वाचून दाखवा. त्या रात्री तुम्ही पुण्याहून निघालेले असाल, दवाखान्याच्या खिडकीशी तीच उभी असेल.